झाकणाची आतली बाजू

"इथला रंग का उडवलास?" पप्पांनी विचारलं.

छान दिसतो म्हणून, असं मी म्हटलं.

त्यांनी चिमट्यात धरलेला तो नखाएवढा तुकडा खिडकीच्या उजेडात नेला. रणगाड्याच्या मागच्या बाजूला खाली बसणारा भाग होता तो. भांडी घासायच्या स्पंजचा कोपरा तपकिरी रंगात बुडवून मी त्यावर ठिपके दिले होते. रंगाची खपली उडून खालचं लोखंड उघडं पडल्यासारखे दिसत होते ते, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

"इथं कुणाचा हात लागतो?"

"कुणाचाच नाही."

"मग रंग कशानं उडाला?"

त्यांचा नियम तेवढा एकच होता. रंग आपोआप उडत नाही, माणसं उडवतात. बूट कुठं पडतो, चढताना हात कुठं धरतो, दोर कुठं घासतो, तिथंच तो उडवायचा. बाकी सगळीकडे ऊन आणि धूळ. आत बसणारी तीन माणसं कुठून चढतात नि कुठून उतरतात हे डोळ्यांपुढं आलं, की ब्रश आपला आपण चालतो, असं ते म्हणायचे. मी तो तुकडा पुन्हा वाळूच्या रंगात रंगवला. तो नियम मला पाठ झाला, आणि पुढं जे झालं ते तो पाठ होता म्हणूनच झालं.

ही २०१०ची गोष्ट. माझी बारावीची परीक्षा संपली होती. पप्पा सैन्यातून दफेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि नगरमध्ये एका बँकेच्या दारावर गनमॅन होते. लहान रणगाडे करायचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. आधी पुठ्ठ्याचे केले, मग पुण्याहून प्लॅस्टिकचे सुटे भाग असलेले खोके आणायला लागले. खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा रणगाडा, म्हणजे आपल्या वीतभर. रविवारी कधी कधी मला रणगाड्यांच्या संग्रहालयात घेऊन जायचे. तिथले रणगाडे गुळगुळीत, तुकतुकीत. "हे सगळे नवरदेव आहेत," ते म्हणायचे. "लग्नाला उभे केलेत. कामावरचा टँक असा नसतो."

पण या वेळचा रणगाडा नादासाठी नव्हता. तो ठुबेकाकांच्या घरी जायचा होता.

संभाजी ठुबे पप्पांच्या रणगाड्याचे ड्रायव्हर. पप्पा कमांडर. मला काका आठवतात ते स्कूटरवरचे. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा ते मला स्कूटरवर पुढं उभं करायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचे, "कमांडर, मला काही दिसत नाही. डावीकडं का उजवीकडं?" मी सांगेन तिकडं स्कूटर वळायची. खऱ्या रणगाड्यातही असंच असतं, हे पप्पांनी नंतर सांगितलं. झाकण बंद केल्यावर ड्रायव्हरला समोरच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसतं. बाकी वरून कमांडर बोलतो, त्यावर तो भरवसा ठेवतो.

२००२ साली राजस्थानच्या सीमेवर त्यांच्या रणगाड्याखाली सुरुंग फुटला आणि आग लागली. पप्पा आणि तोफ चालवणारा असे दोघं वरून बाहेर पडले. ठुबेकाका गेले. घरात एवढंच माहीत होतं. पप्पांचा डावा तळवा भाजला होता. बरा झाल्यावर तो गुळगुळीत, चकचकीत झाला, एकही रेष न उरलेला. "माझं भविष्य कुणी सांगू शकत नाही, पाटी कोरी आहे," असं म्हणून ते हसवायचे. त्या हातात धरलेली वस्तू कधी कधी थरथरायची. आम्ही ते न बघितल्यासारखं करायचो.

त्या मार्चमध्ये रंजनाकाकूंचा, म्हणजे ठुबेकाकांच्या बायकोचा, फोन आला. तक्रार नव्हती काही. आठ वर्षं झाली, त्या म्हणाल्या. सरकारी कागदावर दोन ओळी होत्या, तुमच्या पत्रात चार. स्फोटातच गेला, असं तुम्ही लिहिलं होतं. पण त्यांच्याजवळ तुम्ही होता. एकदा या आणि तोंडानं सांगा, मग मी पुन्हा विचारणार नाही. पप्पा "येतो" म्हणाले. एप्रिल गेला, ते गेले नाहीत. मग एका रविवारी पुण्याला जाऊन हा खोका घेऊन आले.

आईनं भाकरी थापता थापता सुनावलं, "त्या बाईनं तुम्हाला बोलावलंय. खेळणं नाही मागितलं."

"रिकाम्या हातानं कसा जाऊ?" पप्पा म्हणाले.

आईनं भाकरी उलटली आणि म्हणाली, हात रिकामा चालेल, तोंड रिकामं नको. पप्पा खोका घेऊन आत गेले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की माझ्या बापाला कुणाच्या तरी दारात जायची भीती वाटते.

आम्ही महिनाभर काम केलं. आधी सगळ्याला हिरवा रंग, त्यावर वाळूच्या रंगाचे मोठे, कडा विरलेले पट्टे. "रंग सरकारी, पण वरचा चिखल आमचा," ते सांगायचे. रंग चकाकायला लागला की पोरं वाळूत पाणी कालवून ती हातानं थापायची. म्हणून मी मुलतानी माती चहाच्या गाळणीतून चाळून घेतली, विटेची चिमूटभर पूड घातली आणि पावडरच्या पफनं ती रणगाड्यावर दाबत बसले. आई म्हणाली, पोरगी बारावी झाली ती रणगाड्याला फेस पॅक लावायला. त्यावर पप्पाही हसले. त्या महिन्यात मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

चढायच्या जागी आम्ही रंग उडवला. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटावर घेऊन कडा घासल्या, की बुटांनी घासलेल्या लोखंडासारखी चमक यायची. कुठला पाय कुठं पडतो, हे पप्पा डोळे मिटून सांगायचे. "ठुबे कायम उजव्या बाजूनं चढायचा. इथं. मग इथं हात. मग आत." मी तिथं तिथं रंग काढत गेले आणि हळूहळू त्या हिरव्या प्लॅस्टिकवरून एक माणूस रोज जा-ये करत होता असं दिसायला लागलं.

भांडण झालं ते तोफेवरून. तोफ ज्या घुमटाला असते तो घुमट फिरतो. मला तोफ जराशी बाजूला वळवलेली हवी होती. मासिकांतल्या फोटोंत तशी असते, रुबाबदार दिसते. पप्पा म्हणाले, नाही. समोर. आणि थोडी खाली झुकलेली.

"खाली झुकलेली वाईट दिसते. मान टाकल्यासारखी."

"तशीच होती."

मग चिकटवून टाकू का, मी विचारलं. त्यांनी चिकटवू दिली नाही. फिरली पाहिजे, म्हणाले. खऱ्यातही फिरते. विजेवर फिरते, आणि वीज गेली तर आत एक हातानं फिरवायचा दांडा असतो. मी विचारलं, वेळ लागतो का फार? ते ब्रश धुवत होते. बराच वेळ धुवत राहिले. "नाही," ते म्हणाले. "फार नाही लागत."

सगळ्यात जास्त मेहनत त्यांनी घेतली ती ड्रायव्हरच्या झाकणावर. समोर, तोफेच्या बरोबर खाली, ड्रायव्हर आत शिरतो त्या भोकाचं झाकण. खोक्यातलं झाकण बंदच होतं, रणगाड्याच्या अंगाला जोडलेलं. पप्पांनी ते पात्यानं कापून मोकळं केलं आणि केसाएवढ्या तारेची बिजागरी बसवली. त्यात दोन रविवार गेले. झाकणाची आतली बाजू पांढरी, कारण रणगाडा आतून पांढराच असतो, अंधारात जेवढा उजेड मिळेल तेवढा मिळावा म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी पप्पा कामावर गेले होते. झाकण कपड्यांच्या चिमट्याला लावून खिडकीत वाळत ठेवलेलं होतं. मी ते उलटं करून बघितलं. आतल्या पांढऱ्यावर बारीक काळपट रेषा होत्या. पाच-सहा असतील. काही आडव्या, काही एकमेकींवरून गेलेल्या, सगळ्या कडेच्या जवळ.

मला वाईट वाटलं. त्यांचा हात हलला, मी मनात म्हटलं. डाव्या हातात झाकण धरलं असणार, ते थरथरलं असणार, आणि ब्रश घसरला. मला तर नियम पाठ होता. झाकणाच्या आतल्या बाजूला कुणाचा बूट पडतो? तिथं कोण कशाला काय घासेल? बाहेरून हात लावतात, आतून नाही. ही चूकच होती, आणि ती त्यांना दाखवून देण्याची माझी इच्छा नव्हती. मी पांढऱ्या रंगाची डबी उघडली, एक हात दिला, तो सुकल्यावर दुसरा हात दिला. रेषा गेल्या. संध्याकाळी पप्पांनी आल्यावर झाकण बसवलं ते वरूनच, आत न बघता. मी काही बोलले नाही. मला वाटलं, मी त्यांची लाज राखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवरून आम्ही एसटीनं पारनेरच्या बाजूला भाळवणीला गेलो, तिथून जीपनं काकूंच्या गावी. रणगाडा बुटांच्या खोक्यात, भोवती कापूस, खोकं पप्पांच्या मांडीवर. वाटभर त्यांनी खोक्यावरचा हात काढला नाही. जीपमधून उतरल्यावर मात्र थांबले आणि म्हणाले, "उर्मे, आज मी काही सांगेन त्यांना. तू मधे बोलू नकोस."

रंजनाकाकूंचं घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. गळ्यात टेप तसाच ठेवून त्या दारात आल्या. पस्तिशीच्या असतील. मला वाटलं होतं कुणी रडवेली बाई असेल. त्या तशा नव्हत्या. पप्पांना "या भाऊजी" म्हणाल्या, मला बसायला स्टूल दिलं, मशीनवरचं ब्लाउज घडी करून बाजूला ठेवलं. भिंतीवर काकांचा फोटो होता, स्कूटरवरचेच डोळे.

पप्पांनी खोकं उघडलं आणि रणगाडा मशीनच्या फळीवर ठेवला.

काकूंनी वाकून तो सगळ्या बाजूंनी बघितला. मग विचारलं, "एवढा मळका?"

"कामावरचा असाच असतो, वहिनी."

त्यांनी बोट फिरवलं, बोटावर धूळ आली का ते बघितलं. आली नाही, मी ती पक्की केली होती. बाजूची चढायची जागा त्यांनी चाचपली. पप्पांनी सांगितलं, इथून चढायचा. इथं हात धरायचा. काकूंनी बरोबर तिथं बोट ठेवलं आणि काही वेळ तसंच ठेवलं. त्या बोटाकडं बघताना मला माझ्या पेन्सिलीच्या पुडीचा पहिल्यांदा धाक वाटला.

"आणि बसायचे कुठं?"

पप्पांनी समोर तोफेखाली दाखवलं. 

काकूंची नखं शिवणकाम करणाऱ्या बाईची, बारकं धरायला सवयीची. त्यांनी झाकणाच्या कडेला नख लावलं आणि उचललं. झाकण जरासं वर आलं आणि तोफेला खालून टेकलं. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा टेकलं.

"उघडत नाही की," त्या म्हणाल्या.

 मी पप्पांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मला वाटलं ते विसरले, किंवा लाजले. आम्ही एवढी मेहनत घेतलेली, झाकण उघडत नाही म्हणून काकूंचा विरस झालेला, आणि मला उपाय माहीत. मी सतरा वर्षांची होते. मी मधे बोलले.

"आधी तोफ फिरवावी लागते, काकू. तोफ समोर असली की झाकण अडतं. हे बघा."

मी एका बोटानं घुमट फिरवला. तोफ बाजूला गेली. झाकण सहज उघडलं.

 बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं, तेवढाच आवाज. पप्पा पुढं वाकले आणि त्यांनी उघड्या झाकणाच्या आत बघितलं. पांढरं. स्वच्छ. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी इतक्या वर्षांत कुणाला समजावून सांगू शकलेली नाही. रागाची नव्हती. काहीतरी हातात धरून इतका लांब चालत आलेल्या माणसाच्या हातात, पोचल्यावर, काहीच नसावं, तशी.

काकूंनी विचारलं, "भाऊजी, त्यांना त्रास झाला का?"

पप्पा म्हणाले, "नाही, वहिनी. त्याला कळलंसुद्धा नाही."

काकूंनी मान हलवली. रणगाड्याकडं बघितलं. मग तोफ बोटानं हळूच समोर आणली, आणि हळूच परत बाजूला केली. "चहा ठेवते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

परतीच्या एसटीत निम्मी वाट सरल्यावर पप्पांनी विचारलं, "झाकण आतून तू रंगवलंस?"

"हो. तुमचा हात हलला होता, रेषा उमटल्या होत्या."

ते खिडकीबाहेर बघत होते. "हां," ते म्हणाले. "हात हलला होता."

त्यानंतर त्यांनी एकही रणगाडा केला नाही. रंगांच्या डब्या सुकून दगड झाल्या. पारनेरच्या बाजूला ते पुन्हा कधी गेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते वारले. बँकेतली नोकरी सुटल्यावर अंगणातल्या खुर्चीत डावा तळवा मांडीवर उपडा ठेवून बसून असायचे, तसेच बसल्या बसल्या.

यंदा उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. ईरा, माझी मुलगी, दहा महिन्यांची आहे. आत्ता ती शेजारी झोपलीये, मूठ माझ्या ओढणीत अडकवून, आणि तेवढ्यात हे लिहून होतंय. तर एक दिवस वाटलं, पप्पा गेल्याचं काकूंना कुणी कळवलं नसेल. आईला विचारलं, ती म्हणाली, कोण कळवणार? मी ईराला घेऊन गेले.

काकूंचे केस पांढरे झालेत. मशीन तेच. रणगाडा फोटोखाली फळीवर होता, स्वच्छ पुसलेला, आणि त्याची तोफ बाजूला वळवलेली होती. झाकण उघडं.

पप्पांचं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ ईराच्या पायांशी खेळत बसल्या. मग मीच म्हटलं, तोफ तुम्ही बाजूला ठेवलीत. मलाही तेव्हा तशीच हवी होती.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "तू फिरवलीस आणि झाकण उघडलं, तेव्हा. आगीत वीज गेली असेल. कुणीतरी आतून फिरवायला पाहिजे होती. फिरवली नसेल."

 हातानं फिरवायचा दांडा. फार वेळ नाही लागत. चौदा वर्षं मी हे दोन तुकडे वेगवेगळे घेऊन फिरत होते, आणि या बाईनं ते चहा ठेवायला उठायच्या आधी जोडले होते.

"तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? कप घेताना त्यांचा हात बघितला मी. हाताची पाठ चांगली आणि तळवा तेवढा गेलेला. आगीतून पळालेल्याचा तळवा जळत नाही गं. लाल झालेलं लोखंड ओढत बसलेल्याचा जळतो. वरून उतरून परत पुढं आले असतील, बाहेरून झाकण ओढायला." त्यांनी ईराचा मोजा सरळ केला. "म्हटलं, आज इतकंच पुरे. पुन्हा येतील तेव्हा सांगू, की भाऊजी, मला माहितीये, आणि माझा राग नाही. ते आलेच नाहीत."

मी त्यांना सांगणार होते. झाकणाच्या आतल्या रेषांचं. तोंडापर्यंत आलं होतं, की माझे पप्पा खोटं बोलायला आले नव्हते, काकू. त्यांनी खरं आधीच लिहून आणलं होतं, त्या नखाएवढ्या जागेत, आणि मी ते पुसलं. पण ते सांगायचं म्हणजे त्या रेषा कशाच्या होत्या तेही सांगावं लागलं असतं. आतून कुणीतरी काय केलं असेल, किती वेळ. काकूंना तेवढं मात्र माहीत नव्हतं. पांढऱ्या रंगाचे दोन हात अजून शाबूत होते.

मी बोलले नाही. रेषा नसलेला तळवा मांडीवर उपडा ठेवून पप्पा का बसायचे, ते मला त्या स्टुलावर बसून कळलं.

ईरा तोवर रांगत फळीपाशी गेली होती, धरून उभी राहिली होती. तिनं तोफेचं टोक पकडलं आणि ओढलं. झाकण खाली पडलं, तोफ समोर आली. काकू बोलतच होत्या, कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजांचं सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी हात लांब केला, बोटानं तोफ बाजूला केली आणि नखानं झाकण परत उघडून ठेवलं.